सात नंबरची वही

१

मंगळवारी सकाळी सव्वादहाला इतिहास विभागाच्या कपाटातून एक वही गायब असल्याचं उघडकीस आलं.

आमच्या कॉलेजात वस्तू गायब होणं ही बातमी नव्हती. आदल्या वर्षी अख्खं टेबल टेनिसचं टेबल गेलं होतं आणि चार महिन्यांनी एका संचालकांच्या मुलीच्या लग्नात ते सापडलं. आचारी त्याच्यावर वांगी चिरत होते. जाळीच्या अलीकडे वांगी, पलीकडे कांदे. पण ही वही नाही म्हटल्यावर प्रा. देविदास राठोड खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत, तेव्हा हे प्रकरण टेबलापेक्षा मोठं आहे एवढं मला कळलं.

साल २००४, मार्च महिना, गाव वसमत. मी माऊली, राज्यशास्त्र शिकवायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेपर्यंत प्राध्यापक, घंटा वाजली की बेकार. दिवसातून चार वेळा माझी पदोन्नती व्हायची आणि चार वेळा हकालपट्टी.

राठोड सर मात्र कायम होते, अठरा वर्षांपासून. तांड्यावर वाढलेले, पुस्तकात नाही तो इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात असतो असं मानणारे. त्यांनी बारा विद्यार्थ्यांना घरोघरच्या आजी-आजोबांकडे पाठवलं आणि 'तांड्याच्या आठवणी' नावाचा प्रकल्प केला. बारा मुलं, बारा वह्या. त्यांवरून सरांनी चाळीस पानांचा अहवाल टाइप करून घेतला.

त्यातल्या तेविसाव्या पानावर असं होतं की, आज जिथे कॉलेज उभं आहे त्या माळावर पूर्वी एकवीस घरांचा तांडा होता. बहात्तर साली तुमच्या लेकरांसाठी शाळा काढतो असं सांगून त्यांचे अंगठे कोऱ्या कागदावर घेतले गेले. तांडा उठला, शाळा काही आली नाही, कॉलेज आलं तेव्हा त्या एकवीस घरांना कोणी कळवलंही नाही. कोणाचंही नाव नव्हतं. खाली फक्त बारीक अक्षरात 'नोंद क्र. ७'.

कॉलेज काढलं ते आताच्या अध्यक्षसाहेबांच्या वडिलांनी. अध्यक्षसाहेबांनी आयुष्यात वाचलेलं ते बहुधा पहिलंच पान असावं, पण नेमकं तेच वाचलं. राठोड सरांना नोटीस आली. बुधवारी अकरा वाजता संचालकांसमोर मूळ वही दाखवा, नाहीतर पान खोटं होतं असं लिहून द्या, नाहीतर निलंबन.

"खोटं लिहून देणार नाही," सर म्हणाले होते. "मी काय शिकवायचं अन् काय लिहायचं हे संस्थाच ठरवणार असेल तर मी कशाला पाहिजे? वर्गात टेपरेकॉर्डर ठेवा. वही दाखवीन, विषय संपला."

आणि आता विषय संपला होता. वह्या अकराच होत्या. सात नंबरची नव्हती.

२

पोलिसांना बोलवायचा प्रश्न नव्हता. वहीसाठी पोलीस येत नाहीत, आणि आले तर त्यांना लिहायला वही लागते. म्हणून मी ग्रंथालयात गेलो आणि मनकर्णाबाईंना घेऊन आलो.

मनकर्णाबाई इंगोले आमच्या ग्रंथपाल. पुस्तकाचं पान कोणत्या पोरानं फाडलं हे फाटलेल्या कडेवरून सांगायच्या, आणि तेलाच्या डागावरून कोणत्या हॉटेलची भजी तेही. एकोणनव्वद साली हरवलेलं एक पुस्तक त्यांनी अकरा वर्षांनी गोरेगावला एका बारशात हुडकून काढलं होतं. पाळण्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली होतं.

"कपाटाला कुलूप काहून नाही?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"रंग द्यायला काढलं," सर म्हणाले. "समिती येतेय ना."

गुरुवारी बाहेरून मूल्यांकन समिती येणार होती, त्यामुळे कॉलेज ओळखू येत नव्हतं. परभणीहून दोन हजार पुस्तकं तीन दिवसांच्या बोलीवर आली होती. टायपिंगच्या क्लासमधून आठ कॉम्प्युटर आणले होते. वायरी त्यांनी दिल्या नव्हत्या, म्हणून वर झाकणं घालून ठेवले होते. सूचनापेटी पुसून पाहिली तर आत शहाण्णव सालची एक चिठ्ठी निघाली, 'कॉलेजात सूचनापेटी असावी.'

मी सांस्कृतिक समितीवर होतो. स्वागतासाठी शिरड शहापूरच्या बाजूच्या एका तांड्यावरून आठ बायका उसन्या आणल्या होत्या. आरशांचे घागरे-कांचोळ्या, हातभर पांढऱ्या बांगड्या, असं पारंपरिक स्वागत. सोमवारी त्यांची तालीम झाली. बदलायला खोली दिली होती, चहा सांगितला होता. चहा आला तेव्हा म्हाताऱ्यांनी नुकतीच तंबाखू मळून तोंडात टाकली होती, त्यामुळे चहाला थांबावं लागलं. मी त्यांची करमणूक करत होतो. एका आजीला म्हटलं, "आजी, नीट नाचा हं, तुमचं सगळं लिहून ठेवलंय आमच्या कपाटात." ती हसली नाही. माझे विनोद पहिल्या खेपेला कळत नाहीत, त्याची मला सवय आहे.

मनकर्णाबाईंनी कपाट उघडलं. वह्या पांढऱ्या कापडाच्या बासनात बांधलेल्या होत्या. त्यांनी गाठ सोडली. प्रत्येक वहीवर स्केचपेननं इंचभर मोठा आकडा होता, पण क्रम विस्कटलेला. चार, अकरा, एक, नऊ. आणि अहवाल, तेविसाव्या पानासकट, त्याच फळीवर जसाच्या तसा पडलेला.

"ज्याला पान नको होतं त्यानं पान ठेवलं," बाई पुटपुटल्या.

मग त्यांनी बासनाचं कापड उजेडात धरलं. पांढऱ्या कापडावर एका बाजूला पिवळा पट्टा उमटला होता आणि त्या पिवळ्यात एक ठसा. एका अंगठ्याचा. लालभडक.

"रक्त!" मी म्हणालो.

"रक्त सुकलं की काळं पडतं, माऊली. तू राज्यशास्त्रच शिकव."

३

लाल रंग म्हटलं की आमच्याकडे प्राचार्य. कॉलेजात लाल शाई वापरायचा अधिकार फक्त त्यांना होता आणि ते तो रजेच्या अर्जांवर मन लावून वापरायचे. आम्ही गेलो तेव्हा ते पुडी फोडून तोंडात रिकामी करत होते. त्या काळी गुटख्यावर बंदी होती, त्यामुळे तो फक्त सगळीकडे मिळायचा.

"सर, वही तुम्ही घेतली का?" मनकर्णाबाईंनी विचारलं. प्रास्ताविक नावाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

प्राचार्यांनी दार लोटून घेतलं. खुर्चीत बसले. चेहरा पडला.

"घ्यायला गेलो होतो," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी समोरची खुर्ची ओढून घेतली.

"अध्यक्षसाहेब म्हणाले, वहीच राहिली नाही तर प्रश्नच राहत नाही. काल पाच वाजता गेलो. बासन सोडलं. सगळ्या वह्या पाहिल्या. सात नंबर नव्हता. इंगोलेबाई, काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा चोरी करायला गेलो आन ती आधीच झालेली. मला इतकं वाईट वाटलं की वह्या परत बांधून ठेवल्या."

"वह्या क्रमानं होत्या?"

"नाही. विस्कटलेल्याच होत्या. मला वाटलं राठोडनंच लपवली असंल. शहाणपणा केला म्हटलं."

"शाईचं बोट लागलं का तुमचं कापडाला?"

त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे आणि मग उताणे ठेवले, शाळेतल्या पोरासारखे. स्वच्छ होते. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मीसुद्धा एकदा पेपरात लेख लिहिला होता संस्थाचालकांच्या विरोधात. सत्याऐंशी साली. राठोडपेक्षा कडक. मग मला प्राचार्य केलं." थोडं थांबून, "लेख चांगला होता," असंही म्हणाले.

व्हरांड्यात आल्यावर मी म्हटलं, "बाई, हे खोटं बोलताहेत."

"खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवतो. ह्यानं स्वतःला बुडवलं." बाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे वही सोमवारी पाचच्या आधी गेली. काल सकाळी बासन कोणी बांधलं होतं?"

"ग्यानबानं."

ग्यानबा आमचा शिपाई. तो अंगणात झाडांना चुना लावत होता, आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते.

४

"काल इतिहासाच्या खोलीत कोण कोण आलं?"

"राठोड सर सकाळी," ग्यानबा म्हणाला. "म्या सरासमोरच बासन बांधलं, एक ते बारा, लायनीत. मंग ह्या समोरच्या लिंबाला चुना लावत बसलो दिवसभर. दार म्हया डोळ्यासमोर व्हतं. पाचला साहेब आले."

"मधी?"

"मधी कोणीच न्हाई, बाई."

"नक्की?"

"माळ हाय गळ्यात," तो म्हणाला आणि चुन्याच्या हातानं माळ दाखवली. माळही पांढरी झाली. ह्या माळेपायी तो तंबाखूलाही शिवत नसे.

बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग बादलीकडे. त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं असावं. तेवढ्यात राठोड सर एका मुलीला घेऊन आले. पुजा चव्हाण, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, सात नंबरची वही हिची. तिच्या तांड्यातली कॉलेजात पोचलेली पहिली मुलगी. डोळे सुजलेले.

"मॅडम, म्या न्हाई घेतली," ती आधीच म्हणाली. "घेतली असती तर बरं झालं असतं."

"म्हणजे?"

"मागच्या हप्त्यात सरांना म्हटलं होतं, माझी वही परत द्या, अक्षर नीट काढून देते."

"संशोधनाची वही परत द्यायची नसते म्हणालो मी," राठोड सर म्हणाले. "मला वाटलं खरंच अक्षराचंच आहे."

"वही कशी होती?" बाईंनी विचारलं.

"बाकीच्यांना खाकी कव्हर. म्हयाकडं खाकी कागद नव्हता, तर कॅलेंडरच्या पानाचं घातलं. बैलजोडीचं चित्र होतं. आमच्याकडं हळद शिजवायचं चालू हाय, तिथंच बसून लिहायचे. पूर्ण वही पिवळी झाली होती."

"आठवण कोणी सांगितली तुला?"

"दादीनं. थावरादादीनं." ती सरांकडे न पाहता बोलू लागली. "वहीत नाव हाय, मॅडम. अहवालात न्हाई, पण वहीत हाय. अंगठे गोळा करणारा माणूस आमचाच. म्हया आजा, नेमसिंग. तांड्याचा नायक होता. त्यानं घरोघर फिरून अंगठे लावून घेतले आन त्याच्या बदल्यात त्याला ह्या जागेवर चौकीदारी भेटली. तांड्याला आजवर वाटतं सरकारनं उठवलं. लोक अजून त्याच्या नावानं शपथ घेतात."

लिंबावरून चुना ठिबकत होता.

"आणि दादीनं हे तुला प्रकल्पासाठी सांगितलं?"

"न्हाई. हळदीखाली जाळ घालता घालता सांगितलं. नात म्हणून. म्या घरी लिहिलं, कारण घरचा अभ्यास होता. तिला वाटलं म्या रोजच्यासारखीच लिहून राहिले. सरांनी वीसपैकी अठरा दिले."

राठोड सरांनी भिंतीला हात टेकवला.

"उद्या संचालक वही उघडतील तेव्हा हे सगळ्यांना कळेल, हे दादीला माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"म्हयी हिंमतच झाली न्हाई सांगायची," पुजा म्हणाली. "पर कालपासून ती म्हयाशी बोलंना."

५

मनकर्णाबाई आम्हाला अंगणातच मांडलेल्या सांस्कृतिक समितीच्या टेबलापाशी घेऊन गेल्या. तिथे स्वागताचं ताट होतं. त्यांनी चिमूटभर हळद माझ्या रुमालावर टाकली, न विचारता. मग ग्यानबाच्या बादलीत अंगठा बुडवून हळदीवर दाबला. पिवळ्याचं बघता बघता लाल झालं.

"हळदीला चुना लागला की लाल होतं. कुंकू असंच करायचे पूर्वी. वहीची हळद बासनाला लागली होती. चुन्याच्या अंगठ्यानं ते बासन धरलं."

"म्हणजे ग्यानबा!" मी म्हणालो.

ग्यानबाच्या हातातला ब्रश खाली पडला.

"ग्यानबानं धरलं असतं तर कापडावर पंजा उमटला असता, कोपरासकट. हा एकच अंगठा आहे. एका अंगठ्याला चुना कोणाच्या असतो?" त्यांनी डावा तळवा उघडून त्यावर उजवा अंगठा चोळला. "तंबाखू मळणाऱ्याच्या. प्राचार्य मळत नाहीत, पुडी फोडतात."

मग त्यांनी इतिहासाच्या खोलीकडे बोट केलं. "दुसरी गोष्ट. वह्या विस्कटलेल्या. प्राचार्यांना सात नंबर माहीत, ग्यानबानं क्रमानं बांधलेल्या, पुजानं आकडा स्वतः काढलेला. यांच्यातलं कोणीही आलं असतं तर सातवी वही उचलून गेलं असतं. पण हे माणूस एकेक वही काढून बघत बसलं. का? त्याला नंबर माहीत नव्हता. अहवाल वाचलेला नव्हता, म्हणून शेजारी पडलेला अहवाल तसाच सोडला. त्याला फक्त कव्हर माहीत होतं. बैलजोडीचं. ते ज्यानं घरात पाहिलं असं माणूस."

राठोड सरांना कळलं होतं. ते खाली बघत होते.

"पण ग्यानबा म्हणतो कोणी आलंच नाही," मी म्हणालो.

बाई वळल्या. "ग्यानबा, काल तालमीच्या बाया कुठं बसल्या होत्या?"

"त्या व्हय? त्या इतिहासाच्याच खोलीत. माऊली सरांनीच दिली ना खोली. घागरे बदलायला."

"तू तर म्हणालास मधी कोणीच आलं नाही."

"बाई, त्या तर..." ग्यानबा चाचरला. "त्या नाचायच्या बाया. तुमी इचारलं कोण आलं, तर मला वाटलं माणूस कोण आलं."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. पण मला एकदम दुसरंच आठवलं.

६

दुपारी काळीपिवळी जीपनं आम्ही निघालो. राठोड सर, मनकर्णाबाई, पुजा आणि मी. जीपमध्ये एकूण एकोणीस माणसं होती. ड्रायव्हर अर्धा बाहेर बसून चालवत होता. रस्त्याला दोन्ही बाजूंनी हळद वाळत घातलेली. एरवी मी यावर सहा-सात विनोद केले असते.

तांड्यावर पुजाच्या घरापुढे चुलाण पेटलं होतं, वर मोठी कढई. थावराबाई जाळ सारत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी पदर नीट केला, पण उठल्या नाहीत. घागरा-कांचोळी नव्हती, साधं जुनेर होतं. काल मी आठजणींना एकसारखं समजलो होतो.

"याडी," राठोड सर म्हणाले. तांड्यावर आईला याडी म्हणतात. ते जमिनीवरच बसले. "वही तुमच्याकडं हाय?"

"हाय."

"जाळली न्हाई?"

"जाळाया बसले होते. जाळ म्होरंच होता." त्यांनी पुजाकडे पाहिलं. "पोरीचं अक्षर हाय. म्हया सात पिढ्यांत कोणी लिवलं न्हाई. कसं जाळू?"

त्यांनी कमरेखालच्या गोधडीतून वही काढली. बैलजोडीचं कव्हर, पिवळं झालेलं. मांडीवर ठेवली, दिली नाही. उद्या ती संचालकांना दाखवायची आहे हे सरांनी सांगितलं.

"मी अहवालात नाव घातलं नव्हतं, याडी," सर म्हणाले.

"ह्याच्यात हाय न्हवं? ही तुमी उंद्या सायब लोकाइला दावणार. मंग तांड्याला कळाया किती येळ? एकवीस घरं हायती, मास्तर. त्याइच्या संगं मला पाणी भरायचंय. हिचं लगीन करायचंय. तो मेला, सुटला. म्या हितंच हाय."

"मला एकदा सांगायचं तरी, याडी," सर म्हणाले.

थावराबाईंनी चुलाणात एक लाकूड सारलं. "तुमी मला इचारलं होतं का?"

कढईतली हळद रटरटत होती. सरांनी तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई. मी तांड्याचाच. आपल्याच माणसाला काय विचारायचं, असं वाटलं. बाहेरचा असतो तर विचारलं असतं."

मनकर्णाबाई पुढे आल्या. "आजी, एकच सांगा," त्या म्हणाल्या. "पुजानं तुम्हाला सांगितलं नाही. मग वही कपाटात आहे हे कळलं कसं?"

थावराबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

मघाशी सांगताना मी माझा विनोद अर्धाच सांगितला होता. पुजानं तालमीच्या आधीच ओळख करून दिली होती, ही म्हयी दादी. वही मी स्टाफरूममध्ये वाचली होती, चहाबरोबर. आणि तालमीत सगळ्या बायकांसमोर म्हणालो होतो, "आजी, नीट नाचा हं, तुमचं सगळं लिहून ठेवलंय आमच्या कपाटात. मालकांनी अंगठे लावून घेतले तेसुद्धा!" बाकीच्या बायका आरशांचे घागरे सारखे करत होत्या, बांगड्यांचा आवाज होता, त्यांना ऐकू गेलं नाही. हिला गेलं. ती हसली नाही. मला वाटलं, कळला नसेल.

"बाकीच्या ऐकतील म्हणून म्हया जीव गेला होता," थावराबाई म्हणाल्या. "तुमी हसत होते, लेकरा."

राठोड सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते थोडे पुढे सरकले.

"याडी, आता विचारतो. ही वही मी उद्या दाखवू का?"

"दावली न्हाई तर तुमचं काय व्हईल?"

"नोकरी जाईल. बहुतेक."

जाळ कमी झाला तरी थावराबाईंनी लाकूड सारलं नाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दावू नका."

सरांनी मान डोलावली. उठले, पँटची माती झटकली आणि म्हणाले, "बरं."

परतीच्या जीपमध्ये मनकर्णाबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली. हरवलेलं सापडलं की मला आनंद होतो. आज काय होतंय ते कळत नाही."

७

बुधवारी अकरा वाजता राठोड सर संचालकांसमोर उभे राहिले. मी दाराबाहेर होतो, माझा तास नव्हता म्हणजे मी कोणीच नव्हतो.

"वही?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

"आहे. दाखवणार नाही."

"मग पान खोटं."

"पान काढून टाकतो. ज्यांची आठवण आहे त्यांची परवानगी मी घेतली नव्हती, ती माझी चूक. तसं लिहून देतो. पण खोटं होतं असं लिहून देणार नाही. ते खरं आहे."

"ह्याचा अर्थ काय धरायचा आम्ही?" एका संचालकांनी विचारलं. हे टेबल टेनिसच्या टेबलवाले.

"तुम्हाला काय पाहिजे तो धरा."

प्राचार्यांनी निलंबनाच्या कागदावर सही केली. लाल शाईनं. नंतर ते बराच वेळ आपल्या खोलीचं दार लावून बसले.

गुरुवारी समिती आली. तांड्यावरच्या आठ बायका आल्या. ठरलं होतं, म्हणून थावराबाईही आल्या. समितीच्या अध्यक्षांच्या कपाळाला त्यांनीच कुंकू लावलं. समितीनं अहवालात लिहिलं की, महाविद्यालयाचे परिसरातील समाजघटकांशी असलेले नाते विशेष उल्लेखनीय आहे. आम्हाला बरी श्रेणी मिळाली. पुस्तकं परभणीला परत गेली.

राठोड सरांचं प्रकरण कुठल्याशा न्यायाधिकरणात गेलं, अजून तारखा पडतात. पुजा पास झाली. सरांचे तास वाटून दिले तेव्हा आठवड्याचे सहा माझ्या वाट्याला आले. इतिहासाचे. त्यामुळे मी आता दिवसातून पाच वेळा प्राध्यापक असतो. दुसऱ्या वर्षाला एक प्रकरण आहे, 'इतिहासाची साधने'. ते शिकवताना मी विनोद करत नाही. पोरांना वाटतं मला ते प्रकरण येत नाही.

जूनमध्ये कॉलेजचं नवं माहितीपत्रक निघालं. मुखपृष्ठावर फोटो, थावराबाई समितीच्या अध्यक्षांना कुंकू लावताना. अंगठा कपाळावर टेकलेला. खाली ओळ, 'समाजाशी अतूट नाते'. छपाईच्या समितीवर मीही होतो, पण मी पाहिलं तेव्हा पत्रकं छापून झाली होती. विचारलं नव्हतं कोणी. मग एका रविवारी मी एक प्रत घेऊन तांड्यावर गेलो. उशीर झाला होता, तरी विचारायचं ठरवून गेलो.

थावराबाईंनी फोटो दोन्ही हातांनी लांब धरून पाहिला. पुष्कळ वेळ.

"मीच हाय ही?"

"तुम्हीच, आजी. विचारायला आलोय. तुम्ही नको म्हणालात तर मी सांगतो त्यांना, हा फोटो..."

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या फोटोखालच्या ओळीवरून बोट फिरवत होत्या, अक्षरांवरून, एकेक.

"हितं म्हयं नाव लिवलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"काहून?"